बीपी आहे? मग हृदयाची भिंत आणि लघवीतलं प्रोटीन, दोन्ही बघून घ्या

बाबांना बीपी निघून बारा-तेरा वर्षं झाली असतील. गोळी रोज सकाळी न चुकता, आकडा कधी १४४ कधी १५२, आणि दाखवायला गेलं की "वयाच्या मानाने ठीक आहे, हीच चालू ठेवा" एवढं ऐकायचं आणि घरी यायचं. आम्हीपण निर्धास्त, गोळी चालू आहे ना, मग झालं. पुढे मोतीबिंदूच्या ऑपरेशनआधी फिटनेससाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे फाईल घेऊन गेलो तर त्यांनी चार वर्षांपूर्वीचा एक ईसीजी बाहेर काढला, तो गुळगुळीत कागद असतो ना, त्यावरच्या रेघा पार फिकट झालेल्या, त्यांनी तो खिडकीकडे उजेडात धरला आणि वरच्या कोपऱ्यात मशीननेच छापलेली अर्धी ओळ आम्हाला वाचून दाखवली. एलव्हीएच. म्हणजे हृदयाचा डावा खालचा कप्पा जाड झाल्याची शंका. चार वर्षं तो कागद आमच्याच कपाटात होता आणि कोणीच नीट बघितला नव्हता, ज्यांनी काढला त्यांनी नाही आणि आम्हीही नाही.

त्याच आठवड्यात टूडी इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी झाली, भिंत १३ मिलिमीटर, १० पर्यंत ठीक धरतात. लघवीची एक तपासणी सांगितली जी बाबांची आयुष्यात पहिल्यांदाच होत होती, एसीआर, लघवीतून प्रोटीन किती गळतंय ते सांगणारी, ती आली ८६, हवी ३० च्या खाली. आणि क्रिएटिनिन, म्हणजे किडनीसाठी नेहमी करतात ती रक्ताची तपासणी? १.०, एकदम नॉर्मल. बाबांना त्रास काहीच नव्हता, रोज तासभर चालत होते. तिथून पुढे मी जे वाचत गेले, डॉक्टरांना विचारत गेले, वहीत लिहून घेत गेले ते सगळं एका जागी मांडतेय. मी डॉक्टर नाही, गोळी कुठली आणि किती हे ठरवणं त्यांचंच काम आहे, पण कुठली तपासणी मागायची आणि रिपोर्टमध्ये कुठे बघायचं हे आपल्याला कळायलाच हवं, कारण बीपी अंगावर काढणारी माणसं जितकी आहेत तितकीच गोळी खाऊन निवांत बसलेलीही आहेत.

"हार्ट मोठं झालंय" म्हणजे नक्की काय झालंय

हे वाक्य ऐकलं की माणूस हादरतो, पण त्यात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात आणि तो फरक आधी समजून घ्या. एक म्हणजे भिंत जाड होणं. डावा खालचा कप्पा सगळ्या शरीराला रक्त ढकलतो, समोर प्रेशर जास्त असेल तर त्याला प्रत्येक ठोक्याला जास्त जोर लावावा लागतो, आणि जोर लावून लावून जसा दंड फुगतो तसा हा स्नायूही जाड होतो. दंडाचं ठीक आहे, इथे मात्र ती जाडी आतल्या बाजूला वाढते, सोबत तंतूमय कडक भाग तयार होतो आणि कप्पा नीट सैल पडत नाही, म्हणून नीट भरतही नाही. दुसरी गोष्ट म्हणजे कप्पा ताणून मोठा होणं, स्नायू थकल्यावर, हा बहुतेकदा पुढचा टप्पा असतो.

आता छातीच्या एक्स-रेत जे "हार्ट मोठं" दिसतं ते बाहेरचा आकार असतो, छातीच्या रुंदीच्या निम्म्याहून जास्त जागा हृदयाने व्यापली की तसं लिहितात. भिंत नुसती जाड झालेली असेल तर एक्स-रे साफ नॉर्मल येऊ शकतो. त्यामुळे "एक्स-रे काढला होता, हार्ट ठीक आहे" यावर समाधान मानू नका.

ईसीजीत जाडीचा अंदाज रेघांच्या उंचीवरून करतात. स्वस्तातला आणि झटपट, पण तो बऱ्याच जणांची जाडी पकडतच नाही, विशेषतः वजन जास्त असेल तर, कारण मध्ये चरबी आली की रेघा ठेंगण्या येतात. उलट सडपातळ तरुण माणसाच्या रेघा उगाच उंच येतात आणि मशीन एलव्हीएच छापून मोकळं होतं. म्हणून ईसीजीत आलं तर घाबरायचं नाही आणि नाही आलं तर निर्धास्त व्हायचं नाही, खरं काय ते इकोत कळतं.

इकोचा रिपोर्ट हातात आला की सगळे थेट ईएफ बघतात, ६० टक्के आहे ना, मग हृदय उत्तम. इथेच फसायला होतं. ईएफ म्हणजे कप्प्यातलं किती टक्के रक्त प्रत्येक ठोक्याला बाहेर पडतं ते, आणि जाड झालेलं हृदय दाबायला चांगलं दणकट असतं, अडचण सैल पडण्यात असते. ईएफ ६० असूनही जिना चढताना दम लागणारी माणसं असतात. तेव्हा ईएफ बघून झालं की आणखी तीन ठिकाणी बोट ठेवा. पहिलं आयव्हीएस आणि पीडब्ल्यू, या दोन भिंतींच्या जाड्या, पुरुषांमध्ये साधारण १० मिलिमीटरपर्यंत आणि बायकांमध्ये ९ पर्यंत ठीक धरतात. सेंटीमीटरमध्ये लिहिलं असेल तर १.३ म्हणजे १३, गोंधळू नका. काही रिपोर्टमध्ये एलव्ही मास इंडेक्स, म्हणजे डाव्या खालच्या कप्प्याच्या वजनाचा आकडा, दिलेला असतो, तो शरीराच्या आकारमानानुसार काढलेला असल्याने जास्त भरवशाचा, पुरुषांत ११५ च्या वर आणि बायकांत ९५ च्या वर गेला की जाडी आहे असं समजतात. दुसरं, डायस्टोलिक डिसफंक्शन, म्हणजे कप्पा सैल पडण्यातली अडचण, असं काही लिहिलंय का. ग्रेड वन हे उतारवयात खूप जणांच्या रिपोर्टमध्ये असतं, त्याने झोप उडवून घ्यायची गरज नाही पण बीपीवाल्याने ते नोंदवून ठेवायचं. तिसरं, डावा वरचा कप्पा, रिपोर्टमध्ये एलए लिहितात, तो मोठा झालाय का. खालचा कप्पा कडक झाला की वरच्यावर ताण येतो, तो पसरतो, आणि पसरलेल्या कप्प्यात ठोके अनियमित व्हायची शक्यता वाढते, त्यातून गुठळी होऊन लकवा, अशी ही साखळी असते. बीपी, भिंत, वरचा कप्पा, मेंदू. मला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा एका साध्या आकड्यामागे केवढं काय काय चालू असतं याचं खरंच वाईट वाटलं, आणि चार वर्षांचा तो कागद आठवला.

एक अजून, भिंत जाड म्हणजे बीपीमुळेच असं नाही. झडप अरुंद असेल, जन्मजात स्नायूचा आजार असेल, खूप वर्षं जबरदस्त खेळलेला खेळाडू असेल तरी जाडी येते. घरात कोणी तरुणपणी अचानक गेलं असेल तर इको करणाऱ्यांना आणि डॉक्टरांना ते आवर्जून सांगा.

किडनीचं दुखणं दुखत नाही

एका किडनीत साधारण दहा लाख बारीक गाळण्या असतात. प्रत्येक गाळणीत रक्त एका केसाहून बारीक नळीतून येतं, आणि ती नळी आत येणारं प्रेशर सांभाळत असते. वर्षानुवर्षं प्रेशर जास्त राहिलं की त्या नळ्यांच्या भिंती जाड, कडक होतात, काही गाळण्यांना रक्त कमी पडतं आणि त्या बंद होतात, मग उरलेल्यांवर भार येतो आणि त्या जास्त दाबाखाली काम करायला लागतात, आणि दाबाखालची गाळणी गळायला लागते. रक्तातलं अल्ब्युमिन नावाचं प्रोटीन जे कधी बाहेर पडायला नको ते थोडं थोडं लघवीत यायला लागतं.

हे गळणं पकडायचं म्हणजे एसीआर, अल्ब्युमिन आणि क्रिएटिनिनचं लघवीतलं प्रमाण. साधी लघवी तपासणी, ज्यात पट्टी बुडवतात, ती सुरुवातीचं गळणं बहुतेकदा चुकवते, तिच्यावर "प्रोटीन निल" आलं म्हणून एसीआर नॉर्मल असेलच असं नाही. आणि रक्तातलं क्रिएटिनिन तर त्याहून उशिरा बोलतं, किडनीचं जवळपास निम्मं काम गेलेलं असतं तरी ते नॉर्मलच्या चौकटीत राहू शकतं. शिवाय ते स्नायूंवर अवलंबून, एखाद्या बारीक अंगाच्या म्हाताऱ्या बाईचं क्रिएटिनिन १.१ आणि तगड्या तरुणाचं १.१ यांचा अर्थ एक नाही. म्हणून त्यावरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळतेय त्याचा अंदाज, बघायचा, त्यात वय आणि स्त्री-पुरुष धरलेलं असतं. आता बऱ्याच लॅब रिपोर्टवरच देतात, नसेल तर डॉक्टरांना काढून द्यायला सांगा. ९० च्या वर छान, ६० च्या खाली तीन महिन्यांहून जास्त राहिला तर किडनीचा जुनाट आजार म्हणतात. पण ईजीएफआर चांगला असतानाही एसीआर वाढलेला असू शकतो, बाबांचं तसंच होतं, आणि आपल्याला पकडायचाय तो हाच टप्पा.

एसीआरचे आकडे असे: ३० च्या खाली नॉर्मल, ३० ते ३०० मध्यम वाढलेला, ३०० च्या वर बराच जास्त. हे मिलिग्रॅम प्रति ग्रॅममध्ये. काही लॅब मिलिग्रॅम प्रति मिलिमोल देतात, तिथे ३० च्या जागी ३ आणि ३०० च्या जागी ३० असतं, त्यामुळे आकड्याआधी शेजारचं युनिट वाचा. जुने लोक मधल्या टप्प्याला मायक्रोअल्ब्युमिन म्हणतात, तेच हे.

सॅम्पल देताना थोडी काळजी घ्या नाहीतर खोटा आकडा येतो. सकाळी उठल्यावरची पहिली लघवी सगळ्यात चांगली. आदल्या दिवशी दमछाक होईल असा व्यायाम नको. ताप असेल, लघवीची जळजळ किंवा इन्फेक्शन असेल, पाळी चालू असेल, शुगर खूप वाढलेली असेल तर थांबा आणि नंतर करा. आणि एका रिपोर्टवर निकाल लावून टाकू नका, तीन ते सहा महिन्यांत तीनदा करून त्यातल्या दोनदा वाढलेला आला तरच तो खरा धरतात. आमच्याकडे दुसऱ्यांदा ६१ आला, तिसऱ्यांदा ७४. वर-खाली होतं पण ३० च्या खाली एकदाही नाही, म्हणजे गळती खरीच होती.

फेसाळ लघवीची वाट बघू नका. धार जोरात असली तरी फेस येतो, आणि खरा प्रोटीनचा फेस, जो बराच वेळ बसत नाही, तो सहसा गळती बरीच वाढल्यावर येतो. चेहऱ्याची सूज, पायाची सूज ही त्याच्याही पुढची गोष्ट.

हृदय आणि किडनी मी एकत्र का लिहितेय, तर दोन्हीकडे नुकसान करतं ते प्रेशर एकच, जागा वेगळ्या. लघवीत अल्ब्युमिन येतंय याचा अर्थ सगळीकडच्याच बारीक रक्तवाहिन्यांचं अस्तर त्रासात आहे असा घेतात, त्यामुळे ज्याचा एसीआर वाढलेला त्याची भिंतही जाड सापडण्याची शक्यता जास्त. एकात सापडलं की दुसरीकडे बघितल्याशिवाय राहू नका, आणि डोळ्यांच्या डॉक्टरांकडून पडदाही बघून घ्या, कारण बारीक रक्तवाहिन्या कापाकापी न करता थेट बघता येतात अशी ती जागा आहे.

घरी बीपी मोजायचं, पण नीट

खरं पाणी इथे मुरतंय. चुकीचं मोजलेलं बीपी म्हणजे चुकीची गोळी. मशीन दंडाला लावायचं घ्या, मनगटाचं नको. पट्ट्याचा साईज दंडाला बसणारा हवा, जाड दंडाला छोटा पट्टा लावला की आकडा उगाच जास्त येतो, म्हणून टेपने दंडाचा घेर मोजून मगच घ्या.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-कॉफी, तंबाखू-सिगारेट, व्यायाम नाही. लघवीला जाऊन या. खुर्चीत पाठ टेकून, पाय जमिनीवर, पायावर पाय न टाकता पाच मिनिटं गप्प बसा. हात टेबलावर असा ठेवा की पट्टा छातीच्या उंचीवर येईल, बाहीवरून बांधू नका. आणि बोलू नका. बाबांची सवय अशी की पट्टा फुगायला लागला की ते "आता किती येतंय बघ" म्हणून बोलायला सुरुवात करायचे, मी एकदा मुद्दाम त्यांना बोलू दिलं आणि लगेच दोन मिनिटांनी गप्प बसवून परत मोजलं तर वरचा आकडा ११ ने खाली. तेव्हापासून घरात मोजताना टीव्हीसुद्धा बंद.

सकाळी गोळी घ्यायच्या आधी दोनदा, मध्ये एक मिनिट सोडून, आणि संध्याकाळी दोनदा. असं सात दिवस. पहिल्या दिवसाचे आकडे सोडून द्यायचे, उरलेल्यांची सरासरी काढायची, तो तुमचा खरा आकडा. दवाखान्यात १४०/९० ही रेघ असते तशी घरी १३५/८५ धरतात. पहिल्यांदा दोन्ही हातांना मोजा आणि ज्या हाताला जास्त येतं तोच हात कायम वापरा. वहीत येईल तो आकडा लिहायचा, आवडला नाही म्हणून परत परत मोजून त्यातला कमी निवडून लिहायचा नाही, ही गोष्ट जवळजवळ प्रत्येक घरात होते आणि त्यात नुकसान आपलंच असतं.

दवाखान्यात जास्त आणि घरी कमी असा प्रकार असतो तसा उलटाही असतो, दवाखान्यात १२८ आणि घरी, कामावर १५०. हा जास्त वाईट, कारण कोणाला कळतच नाही आणि भिंत मात्र जाड होत राहते. रात्रीचं बीपी हाही असाच लपलेला भाग. झोपेत ते १० ते २० टक्के खाली यायला पाहिजे, ज्यांचं येत नाही त्यांच्या हृदयाला आणि किडनीला चोवीस तासांत विश्रांतीच नाही. इको किंवा एसीआर बिघडलेला आहे पण दवाखान्यातलं बीपी चांगलं दिसतंय असं असेल तर २४ तासांचं बीपी रेकॉर्डिंग करता येईल का हे विचारा. घोरणं खूप असेल, झोपेत श्वास अडकतो असं घरचे सांगत असतील, दिवसा डुलक्या येत असतील तर तेही सांगा, स्लीप ॲप्निया हे रात्रीचं बीपी न उतरण्याचं मोठं कारण आहे. तीन गोळ्या, त्यात लघवी वाढवणारी एक, पूर्ण डोसात घेऊनही बीपी हटत नसेल तर मागे दुसरं काही लपलंय का ते शोधायला लागतं, किडनीची रक्तवाहिनी अरुंद असणं किंवा अल्डोस्टेरॉन हार्मोन जास्त बनणं, आणि हे शोधा असं म्हणायला लाजू नका.

गोळ्यांबद्दल थोडं, डॉक्टरांशी बोलता यावं म्हणून

बीपी कमी करणाऱ्या सगळ्याच गोळ्या उपयोगी, पण लघवीतून अल्ब्युमिन जात असेल तर शेवटी "प्रिल" किंवा "सार्टन" असलेल्या गोळ्यांना सहसा पहिलं स्थान देतात, रामिप्रिल, टेल्मिसार्टन, लोसार्टन वगैरे. किडनीच्या गाळणीतून रक्त बाहेर पडायची जी नळी असते ती या गोळ्या सैल करतात, म्हणजे गाळणीच्या आतलं प्रेशर उतरतं आणि गळती कमी होते. हृदयाच्या जाडीवरही यांचा चांगला परिणाम दिसलाय. २००२ साली लाईफ नावाचा मोठा अभ्यास आला, त्यात बीपी आणि ईसीजीत जाड हृदय असलेली नऊ हजारांवर माणसं होती, अर्ध्यांना लोसार्टन अर्ध्यांना ॲटेनोलॉल ही बीपीचीच वेगळ्या प्रकारची गोळी, दोन्हीकडे बीपी जवळपास सारखंच उतरलं तरी लोसार्टनवाल्यांत लकवा साधारण पाव हिश्श्याने कमी झाला आणि जाडीही जास्त उतरली. म्हणजे आकडा उतरवणं महत्त्वाचं आहेच, कशाने उतरवतोय यालाही अर्थ आहे.

या गोळ्या सुरू केल्या किंवा डोस वाढवला की दोन ते चार आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम तपासायचं असतं. हे राहून जातं हो, गोळी लिहून देतात आणि तीन महिन्यांनी या म्हणतात. तुम्हीच विचारा. क्रिएटिनिन थोडं वाढलं तर गोळीने किडनी खराब केली असं समजून परस्पर बंद करू नका, आतलं प्रेशर उतरल्यामुळे ते थोडं वाढतंच आणि ३० टक्क्यांपर्यंतची वाढ बहुतेकदा चालवून घेतात. त्याहून जास्त वाढलं किंवा पोटॅशियम चढलं तर मात्र लगेच दाखवायचं. प्रिलवाल्या गोळीने काहींना कोरडा खोकला लागतो, महिनोन्‌महिने खोकल्याची औषधं घेत बसण्यापेक्षा गोळी बदलून मागा. ओठ किंवा चेहरा सुजला तर ती गोळी परत घ्यायची नाही, तडक हॉस्पिटल गाठायचं. गरोदर असाल किंवा तसा विचार असेल तर प्रिल आणि सार्टन दोन्ही चालत नाहीत, आधीच सांगा. आणि प्रिल अधिक सार्टन अशी जोडी एकत्र घेत नाहीत, दोन डॉक्टरांनी दोन चिठ्ठ्या दिल्यामुळे असं होऊ शकतं, तेव्हा सगळ्या गोळ्या एका पिशवीत घालून प्रत्येक वेळी सोबत न्या.

दुखण्यावरच्या गोळ्यांचं मी मुद्दाम वेगळं लिहितेय. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक, नेप्रोक्सेन, गुडघ्यासाठी, कंबरेसाठी, लोक चिठ्ठीशिवाय महिनोन्‌महिने घेतात. या बीपी वाढवतात आणि किडनीचा रक्तपुरवठा कमी करतात, आणि सार्टन किंवा प्रिल, लघवी वाढवणारी गोळी आणि ही दुखण्याची गोळी असं त्रिकूट एकत्र आलं तर किडनी काही दिवसांत बसू शकते. आमच्या बाबांची गुडघेदुखीची गोळी बंद करणं हा सगळ्यात अवघड भाग होता, दोन महिने कुरकुर चालली, शेवटी पॅरासिटामॉल, वरून लावायचं मलम आणि मांडीचे व्यायाम यावर आले. याच कारणाने जुलाब-उलट्या लागल्या, खाणं-पिणं बंद झालं तर त्या दिवसांत बीपीच्या कुठल्या गोळ्या थांबवायच्या आणि परत कधी सुरू करायच्या हे डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन ठेवा, ऐन वेळी फोन लागत नाही.

बीपी किती खाली आणायचं? बहुतेकांसाठी १३०/८० च्या खाली असं सांगतात, अर्थात सहन होत असेल तर. २०१५ मध्ये स्प्रिंट हा अभ्यास आला, पन्नाशीपुढचे ९,३६१ लोक, शुगर नसलेले, त्यात वरचा आकडा १२० च्या खाली ठेवलेल्या गटात हृदयाचे त्रास आणि मृत्यू १४० वाल्या गटापेक्षा कमी झाले. पण त्याच गटात चक्कर, बीपी एकदम पडणं आणि किडनीला अचानक धक्का बसणंही जास्त दिसलं, आणि तिथे बीपी मोजायची पद्धतही फार काटेकोर होती. म्हणून थकलेल्या, उठताना झोक जाणाऱ्या म्हाताऱ्या माणसावर १२० चा हट्ट करू नका. उभं राहिल्यावर एक आणि तीन मिनिटांनी मोजून बघा, खूप पडत असेल तर तसं सांगा. डायबेटिस असेल किंवा एसीआर बराच जास्त असेल तर आता डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिनसारख्या गोळ्याही किडनी आणि हृदय दोन्हीसाठी देतात, आपल्याला बसते का हा प्रश्न विचारायला हरकत नाही.

मीठ, वजन आणि बाकीचं

मीठ दिवसाला ५ ग्रॅमच्या आत, जागतिक आरोग्य संघटनेचा हा आकडा, म्हणजे जेमतेम एक सपाट चहाचा चमचा आणि त्यात सगळं आलं, पाकिटातलं, डब्यातलं, बाहेरचं खाल्लेलं. मीठ जास्त असेल तर सार्टनचा अल्ब्युमिन कमी करायचा परिणामही बोथट होतो, म्हणजे गोळी खाऊन वरून तिलाच अडवायचं. लो सोडियम मिठाचं मात्र जपून, त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम घातलेलं असतं, ईजीएफआर उतरलेला असेल किंवा पोटॅशियम वाढवणाऱ्या गोळ्या चालू असतील तर ते विचारल्याशिवाय आणू नका. वजन थोडंसुद्धा उतरलं तर बीपी उतरतं. चालणं आठवड्याला १५० मिनिटं. सिगारेट-तंबाखू बंद, दारू बंद किंवा अगदी कमी. यावर नवीन सांगण्यासारखं माझ्याकडे काही नाही.

घाई कधी करायची

आडवं झाल्यावर दम लागणं, उशा वाढवत न्याव्या लागणं, रात्री श्वास कोंडून उठून बसणं, घोट्याला बोट दाबलं की खळगा पडणं, चालताना डोळ्यांपुढे अंधारी, ठोके चुकल्यासारखे वाटणं, लघवी एकदम कमी होणं, यातलं काहीही असेल तर पुढच्या तारखेची वाट बघायची नाही. आणि बीपी १८०/१२० च्या वर असताना छातीत दुखत असेल, दम लागत असेल, बोलताना जीभ अडखळत असेल, हातपाय लुळे वाटत असतील, नजर अंधुक झाली असेल तर त्याच क्षणी इमर्जन्सीत. नुसता आकडा जास्त आहे पण त्रास काहीच नाही, तर पाच मिनिटं शांत बसून परत मोजा आणि डॉक्टरांना फोन करा, घरातल्या दुसऱ्या कोणाची गोळी देऊन झटकन खाली आणायला जाऊ नका, एकदम खाली आणणंही मेंदूला आणि हृदयाला धोक्याचं असतं.

फाईल कशी ठेवायची

ईसीजीचा प्रत्येक कागद मिळाल्या दिवशीच मोबाईलवर फोटो काढून ठेवा, तो कागद उष्णतेवर चालतो, उन्हात आणि प्लास्टिकच्या कव्हरमध्ये रेघा उडून जातात. वहीच्या पहिल्या पानावर आम्ही एक तक्ता आखलाय, तारीख, घरचं सरासरी बीपी, एसीआर, क्रिएटिनिन, ईजीएफआर, पोटॅशियम, भिंतीची जाडी, एलए. डॉक्टरांसमोर फाईल उलगडण्यापेक्षा ते एक पान पुढे करायचं. एसीआर आणि ईजीएफआर सगळं ठीक असेल तरी वर्षातून एकदा, वाढलेला असेल तर डॉक्टर सांगतील तसं लवकर लवकर. इको दर तीन महिन्यांनी करून उपयोग नाही, भिंत उतरायला महिने लागतात, आणि मोजताना एखादा मिलिमीटर इकडे तिकडे होतोच, म्हणून जमलं तर तिथेच आणि त्याच व्यक्तीकडून करा म्हणजे तुलना खरी होते.

बाबांची गोळी बदलली, दुसरी जोडली, घरचं सरासरी बीपी १२६/७४ वर आलं. सहा महिन्यांनी एसीआर ४१, एका वर्षाने २४. इको वर्षाने केला, भिंत ११.५, डॉक्टर म्हणाले मोजण्यातला फरक धरला तरी दिशा चांगली आहे. बीपी घराण्यात असतं म्हणून मग मीही सात दिवस मोजलं, माझं आलं १३३/८६. खालचा आकडा रेघेच्या वर आहे, तर माझ्या नावाची वेगळी वही सुरू केलीये, एसीआर पुढच्या आठवड्यात.